रामन राघवचा 'कानून' आणि आपला कायदा

चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबईत सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियालो यांनी फोटोवरून ओळखून पकडलेल्या माणसाजवळ एवढंच निघालं. अंगातल्या बुशशर्टवर आणि खाकी अर्ध्या चड्डीवर रक्ताचे डाग होते, बूट चिखलाने माखलेले. बोटांचे ठसे जुळले आणि सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशा नावांनी वावरणारा हा रामन राघवच, हे पक्कं झालं. आजवर त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते बहुतेक त्या रक्ताच्या डागांबद्दल. माझं लक्ष मात्र त्या दोन कागदांकडे जातं. हा माणूस खुनी होता यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या डोक्यात काय चाललं होतं याचा, आणि त्याचं माप घ्यायला आपल्या कायद्याकडे असलेली पट्टी फार तोकडी आहे, असं माझं म्हणणं आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जीआयपी रेल्वेच्या कडेने, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर रात्री हल्ले झाले. ९ जण दगावले. संशयावरून राघवला धरलं. दरोड्याबद्दल ५ वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस पोलिसांच्या दप्तरात होताच. पण पुरावा नाही म्हणून सोडून दिला. १९६८ मध्ये तसेच खून पुन्हा सुरू झाले आणि तपास गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. अटकेनंतर राघव बराच काळ गप्प होता. मागितलेलं कोंबडीचं जेवण मिळाल्यावर बोलू लागला. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबात त्याने पहिल्या खेपेचे ४१ आणि दुसऱ्या खेपेचे डझनभर खून कबूल केले. ४१ हा आकडा आज सर्रास छापला जातो, पण अशा मनाने सांगितलेली बेरीज जशीच्या तशी धरणं मला पटत नाही.

आता ती पट्टी. वेडाचा बचाव देणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चं मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली, वेडाच्या कारणावरून तो निर्दोष सुटला, त्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपलं १८६० चं कलम त्याच वळणाचं आहे: कृत्य करताना मनोविकृतीमुळे आरोपीला त्या कृत्याचं स्वरूप, किंवा ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे हे, कळत नव्हतं का? २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलमाचा आकडा २२ झाला, कसोटी तीच राहिली. ती विचारते ती फक्त 'कळण्या'ची गोष्ट. राघवला हे तर कळत होतं की रॉड डोक्यात घातला की माणूस मरतो.

जून १९६९ मध्ये खटला सत्र न्यायालयात उभा राहिला, तेव्हा बचावाच्या वकिलांनी आरोपीचं मन ठिकाणावर नसल्याचा अर्ज दिला. पोलीस सर्जननी त्याला २८ जून ते २३ जुलै निरीक्षणाखाली ठेवलं आणि वेड नसल्याचा निर्वाळा दिला. राघवने गुन्हा कबूल केला. नायर हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली, तरी फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील केलं नाही. पण फाशीवर शिक्कामोर्तब करण्याआधी मुंबई हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटले, आणि मग त्याच्या डोक्यातलं जग उघडं पडलं. जगं दोन आहेत, एक 'कानून'चं आणि एक हे. देशात सरकारं तीन: अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं, तिन्ही आपल्या मागे लागली आहेत. लोक आपलं पुरुषत्व पालटायला टपलेत, पण जमत नाही; आपण १०१ टक्के पुरुष आहोत. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही: आपण 'कानून'चे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही. अशा माणसाला 'तुझं कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे कळतं का' असं विचारलं, तर तो कोणत्या कायद्याबद्दल उत्तर देईल?

यावर कोणी म्हणेल, तो रात्र निवडायचा, झोपलेले गाठायचा, मग वेडा कसा? पण भ्रमाच्या आत शिस्त असू शकते. मॅक्नॉटननेही पाळत ठेवूनच गोळी घातली होती. पोलीस सर्जनना २६ दिवसांत काही दिसलं नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र या आजारात बोलणं, स्मरणशक्ती, रोजचे व्यवहार शाबूत राहू शकतात. नेमक्या जागी हात लागेपर्यंत भ्रम बाहेर येत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप नंदुरबार जिल्ह्यातून येतो. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, भगताने नाव घेतलं म्हणून 'डाकीण' ठरवून बाईला मारहाण झाली आहे, जीवही घेतले गेले आहेत. मारणाऱ्याचा विश्वास पक्का असतो. राघवला भ्रमाची सवलत द्यायची, तर यालाही का नको? माझ्या मते नको. डाकिणीवरचा विश्वास एकट्याचा नसतो. तो गावाकडून येतो आणि गावच तो मोडू शकतं. मूल तापाने गेलं, चेटकाने नव्हे, हे दवाखाना, शाळा, कार्यकर्ता दाखवून देऊ शकतो, आणि पटलेली माणसं त्याच पाड्यांवर आहेत. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणी करणी करते असा संशय पसरवणं हा गुन्हा ठरवला. शिक्षेच्या धाकाने वागणं बदलेल, असं त्यात गृहीत आहे. राघवच्या तीन सरकारांत दुसरा कोणी राहतच नव्हता. तिथे ना पंचाचा शब्द पोचत होता, ना फाशीचा धाक.

आणि मेलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतो. ती कामगार, गरीब माणसं होती, दाराला कडी नसलेल्या जागी झोपणारी. वेड मान्य केलं की खुनी मोकळा सुटतो, ही भीती रास्त वाटली तरी खरी नाही. वेडामुळे निर्दोष ठरलेल्यालाही कोर्ट सुरक्षित कोठडीत किंवा मनोरुग्णालयात ठेवू शकतं. राघवच्या बाबतीत तर दोष कायमच राहिला, फक्त शिक्षा बदलली. तो येरवड्याला होता, उपचार पुण्याच्या मनोरुग्ण संस्थेत चालत. डॉक्टरांच्या आणखी एका समितीने तो कधीच बरा होणार नाही असं सांगितलं, आणि १९८७ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ससून रुग्णालयात तो मेला, तेव्हा अटकेला २७ वर्षं होत आली होती आणि तो कैदीच होता.