बेस कॅम्पएवढंच तर शिखर!

अलास्का आणि कॅनडाच्या सीमेवरच्या माउंट सेंट इलायसची उंची 5,489 मीटर. हा आकडा ऐकला की एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करून आलेली मंडळी लगेच वजाबाकी करतात: बेस कॅम्प 5,364 वर, म्हणजे फरक सव्वाशे मीटरचा. त्यात काय एवढं? वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा.

समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे चढाई नव्हे, हे किती वेळा सांगायचं? बेस कॅम्पला जाणारा विमानाने लुक्लाला, सुमारे 2,800 मीटरवर उतरतो. पुढची वाट मुक्कामाच्या लॉजमधून जाते. खुद्द एव्हरेस्टचा माथाही बेस कॅम्पपासून साडेतीन हजार मीटरच वर आहे. सेंट इलायसच्या माथ्यापासून मात्र आइसी बे या खाडीचं पाणी जेमतेम 16 किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरात जमीन शून्यापासून साडेपाच हजार मीटरला पोचते. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी अर्धा किलोमीटर कमीच पडेल!

वर चहाची टपरी नाही, रस्ताही नाही. सर्वांत जवळचं गाव याकुटाट शंभराहून अधिक किलोमीटर दूर. इटलीचे ड्यूक ऑफ अब्रुझी 1897 मध्ये किनाऱ्यावर उतरले, मालास्पिना हिमनदी ओलांडली आणि 31 जुलैला माथ्यावर पोचले. त्यानंतर थेट 1946 पर्यंत तिथे कुणालाही पाऊल ठेवता आलं नाही. ‘सोप्या’ शिखराची ही गत.

याला मुख्य कारण हवामान. पॅसिफिकवरून येणारं बाष्प या भिंतीला अडतं, आपल्या सह्याद्रीला मोसमी वारे अडतात तसंच. फक्त इथे ते बर्फ होऊन कोसळतं.

काही किरकोळ समजही निकालात काढायला हवेत. हा ज्वालामुखी नाही. भूपट्टांच्या टकरीने उचललेला पर्वत आहे. कॅनडातलं सर्वोच्च शिखरही हे नव्हे, तो मान माउंट लोगनचा. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे सेंट इलायस दुसरा.

आणि पायथ्याची ती खाडी अनादि काळापासून तशीच आहे, हेही खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बर्फच होता. हिमनद्या मागे सरकल्या तशी खाडी उघडी पडली. बर्फाचा आधार सुटलेला एक डोंगरउतार 17 ऑक्टोबर 2015 रोजी तिच्या तान फ्योर्ड या फाट्यात कोसळला आणि उसळलेलं पाणी समोरच्या उतारावर 193 मीटर उंच चढलं.