नकार आला तो एका आकड्यामुळे

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली. सगळ्याजणी चहाचे कप ठेवून निघाल्या, पण एक ताई मात्र सतरंजीची घडी घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळली. तिचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, हाताखाली दोन मुली आहेत. पर्समधून एक कागद काढून तिने माझ्या हातात दिला. बँकेचं पत्र होतं. नव्या क्रेडिट कार्डासाठी केलेला अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत होतं : सध्याच्या कार्डाचा वापर मर्यादेच्या मानाने जास्त आहे.

"अहो वहिनी, चार वर्षं झाली कार्ड घेऊन. एकदाही बिल थकवलं नाही. हप्ते नाहीत, व्याज नाही, सगळं बिल पुरतं भरते. मग जास्त वापर कसला?"

तिला पिकोच्या दोन मशीन घ्यायच्या होत्या, शिवाय दिवाळीआधी अस्तराचं कापड घाऊक भरायचं होतं. म्हणून हे दुसरं कार्ड. घरी पत्र वाचून नवरा म्हणाला, "मी सांगितलं होतं, बायकांच्या नावावर कोण देतंय!" नकारापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं होतं. आणि त्याच रागात तिने त्याच महिन्यात आणखी दोन बँकांत अर्ज टाकले. तिथूनही नकारच आला.

मग आम्ही दोघी तिचा क्रेडिट रिपोर्ट काढायला बसलो. आपण सगळ्या त्याला 'सिबिल'च म्हणतो. खरं तर सिबिल ही अशी माहिती ठेवणारी एक कंपनी. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण कुठल्याही बँकेचं कर्ज किंवा कार्ड घेतलं की ती बँक आपला हिशेब या चौघींना कळवत राहते. नवीन कार्ड मागितलं की नवी बँक तिथूनच आपली कुंडली मागवते. आपण दुकान किती नेटाने चालवतो, पै-पै कशी जपतो, हे तिला कुठून दिसणार? तिला दिसतात फक्त रकाने.

रिपोर्टमध्ये ताईच्या कार्डासमोर दोन आकडे होते. बाकी १७,४०० रुपये आणि मर्यादा, म्हणजे लिमिट, २०,००० रुपये. ती पाहतच राहिली. "पण माझं लिमिट साठ हजार आहे!" मोबाइलवर बँकेचा जुना मेसेज शोधला. खरंच, दोन वर्षांपूर्वी तिच्या संमतीने मर्यादा वीसवरून साठ हजार केली होती. बँकेच्या दप्तरात ती वाढली, पण कळवलेल्या माहितीत जुनाच आकडा राहून गेला.

आता गंमत बघा. सतरा किलो गहू वीस किलोच्या डब्यात भरले तर डबा काठोकाठ दिसतो. तेच गहू साठ किलोच्या कोठीत ओतले तर तळाशीच राहतात. गहू तेवढेच. साठ हजारांतले १७,४०० म्हणजे २९ टक्के, आणि वीस हजारांतले १७,४०० म्हणजे ८७ टक्के! वापर साधारण तीस टक्क्यांच्या आत असावा, असा आडाखा जाणकार सांगतात. काही तो कायदा नाही, पण ८७ टक्के पाहिले की बँकेला वाटतं, ही बाई उधारीवर घर चालवतेय. ३०० ते ९०० मधला जो स्कोअर असतो, त्यावरही या प्रमाणाचा परिणाम होतो. शिवाय जुन्या कार्डाचं लिमिट किती, यावरूनही काही बँका नवं कार्ड द्यायचं का आणि केवढं द्यायचं ते ठरवतात. तिथेही वीस हजारवाली गिऱ्हाईक छोटीच ठरली.

"पण बिल तर मी पूर्ण भरते," हे तिचं पालुपद चालूच होतं. तेही खरंच. पण बँक माहिती कळवते त्या दिवशी जी बाकी असते, तीच रिपोर्टमध्ये चढते. आपण चार दिवसांनी सगळं फेडलं तरी फोटो आधीच निघालेला असतो. जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला किंवा त्याहूनही लवकर कळवायला लावली आहे, त्यामुळे फोटो जरा लवकर बदलतो एवढंच. नवा अर्ज करायचा असेल तर बिल तयार होण्याआधीच थोडी रक्कम भरून टाकणं बरं.

मोठं लिमिट म्हणजे सगळं चांगलंच, असंही नाही हं. चार-पाच कार्डांची मिळून मर्यादा मिळकतीच्या मानाने फार झाली, तर नवी बँक तिथेही हात आखडता घेते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यापैकी पुष्कळजणींकडे जे कार्ड असतं ते नवऱ्याच्या कार्डाला जोडलेलं, ॲड-ऑन. त्यावर नाव आपलं छापलेलं असतं, पण खातं त्यांचं आणि लिमिटही त्यांचंच. आपण वर्षानुवर्षं त्यावर किराणा भरला तरी आपल्या नावाने पत तयार होत नाही. स्वतःची सुरुवात करायची तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा सोपा रस्ता आहे.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून हा नियमच आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. आपला रिपोर्ट आपण पाहिला म्हणून स्कोअर घसरत नाही. घसरतो तो एकामागून एक अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक अर्जामागची चौकशी तिथे नोंदली जाते. ताईच्या खाती अशा तीन चौकशा जमल्याच होत्या!

चूक आढळली की त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. पण कंपनी आपल्या मनाने आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून आम्ही बँकेलाही लेखी अर्ज दिला, लिमिट वाढल्याचा मेसेज आणि ताजं बिल जोडून. शाखेतल्या साहेबांनी आधी "हे वरून होतं" म्हणून टोलवलं. पण पोच घेतल्याशिवाय आम्ही काही हललो नाही. तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा एप्रिल २०२४ पासूनचा नियम ताईने पाठ करून ठेवला होता. तो तिने साहेबांना दोनदा ऐकवला.

बाविसाव्या दिवशी आकडा बदलला. ६०,०००.

नवा अर्ज मात्र तिने लगेच केलेला नाही. त्या तीन चौकशा जरा जुन्या होऊ देत, म्हणते. एक मशीन रोखीने आली आहे, दुसरी संक्रांतीनंतर बघू. आणि परवा तिच्या नवऱ्याचा मला फोन आला, "वहिनी, माझाही तो रिपोर्ट काढून द्याल का?" मी म्हटलं, तुमच्या घरातच आहे की माहितगार, तिलाच विचारा.