वस्तुमूल्यांचे क्रमवाचन
परस्परसंबद्ध माहिती नावानिशी एकत्र बाळगणाऱ्या घटकास संगणकशास्त्रात वस्तू किंवा ऑब्जेक्ट म्हणतात. तिच्यातील मूल्ये एकामागून एक घेऊन प्रत्येकावर तीच क्रिया करणे म्हणजे क्रमवाचन होय. सर्व्हरवर वेब पृष्ठे तयार करणाऱ्या भाषांत याचा उपयोग पदोपदी होतो, उदा., ग्राहकाच्या बिलातील ओळी छापणे. येथे पीएचपी या भाषेतील पद्धतीचे विवेचन केले आहे. ही भाषा रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केली.

दृश्यता : क्रमवाचनाची ‘फॉरईच’ ही आज्ञा पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत (२०००) आली. पाचव्या आवृत्तीत (२००४) गुणधर्मांचे सार्वजनिक, संरक्षित व खाजगी असे भेद करण्यात आले. तेव्हापासून आज्ञा ज्या ठिकाणी लिहिली असेल तेथून दिसणारेच गुणधर्म तिला मिळतात. सभासदाच्या वस्तूत परवलीचा शब्द खाजगी ठेवला असल्यास बाहेरील आज्ञेस तो दिसत नाही; मात्र तीच आज्ञा त्या वस्तूच्या वर्गात लिहिल्यास तोही हाती येतो. म्हणून सर्व मूल्ये सरसकट छापणे धोक्याचे असते.

संदर्भाने वाचन : सामान्यतः आज्ञेतील चलात प्रत्येक मूल्याची प्रत येते. मूळ मूल्यच बदलावयाचे असल्यास चलास संदर्भचिन्ह जोडतात. परंतु आवर्तन संपल्यावरही ते चल शेवटच्या मूल्याशी बांधलेलेच राहते. समजा, अशा आवर्तनानंतर बिलात तांदूळ ६०, डाळ १२० व तेल १५० रुपये आहेत. त्याच नावाचे चल घेऊन पुन्हा साधे क्रमवाचन केल्यास तेलाच्या जागी प्रथम ६० व नंतर १२० लिहिले जातात; तिसऱ्या फेरीत तेथील १२० हेच वाचले जातात. बिल ३० रुपयांनी कमी होते आणि चुकीची कोणतीही सूचना मिळत नाही. पहिले आवर्तन संपताच ‘अनसेट’ने चल मोकळे करणे हा यावर उपाय होय.

वस्तुनियंत्रित वाचन : कोणती मूल्ये कोणत्या क्रमाने द्यावयाची हे वस्तूला स्वतःलाही ठरविता येते. त्यासाठी ‘इटरेटर’ या आंतरपृष्ठातील पाच कृती वर्गात लिहाव्या लागतात : चालू मूल्य देणे, त्याचे नाव देणे, पुढे सरकणे, आरंभी परतणे व मूल्य शिल्लक आहे की नाही हे सांगणे. मग गुणधर्मांऐवजी या कृतींनी दिलेली मूल्येच वाचली जातात. ५·५ या आवृत्तीतील (२०१३) ‘जनरेटर’मुळे हे काम सोपे झाले, तो मागणीनुसार एकेक मूल्य देत असल्याने सर्व मूल्ये स्मृतीत एकदम साठवावी लागत नाहीत.