मांजराची पत्रिका मांडता येते का?

मांडता येते, आणि ही कल्पना आजची नाही! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त ‘वियोनिजन्म’ हा अख्खा अध्याय पशू, पक्षी आणि झाडांच्या जन्मावर आहे. माणसाच्या शरीरात मीन रास पावलांवर येते. चार पायांच्या प्राण्यात ती शेपटीवर. मेष मात्र दोघांच्याही डोक्यावर. किती बारकाईने विचार केलाय!

आपल्या पंचांगातही पुनर्वसू आणि आश्लेषा नक्षत्रांची योनी मार्जार, मघा आणि पूर्वा फाल्गुनीची मूषक. म्हणून लग्नासाठी पत्रिका जुळवताना मांजर-उंदराच्या या जोडीला योनीच्या ४ पैकी शून्य गुण.

पण मनीचा स्वभाव ग्रह ठरवतात, याला पुरावा नाही. तो घडतो आईबापांकडून आणि साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांच्या मायेच्या हाताळणीतून. पिल्लू आणताना जन्मवेळ नको; त्याचे आईबाप कसे आहेत आणि त्या आठवड्यांत माणसांनी त्याला मायेने हाताळलंय का, हे नक्की विचारा.