रिपोर्ट नॉर्मल, मग गोंगाटात ऐकू का येत नाही?

‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,’ अशी तक्रार घेऊन अनेक जण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातात. श्रवणचाचणी होते, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, ‘तुझं लक्षच नसतं!’ तरीही लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गर्दीच्या हॉटेलात समोरच्याचे बोलणे काही समजत नाही. ही तक्रार खरी असू शकते.

नेहमीच्या चाचणीत शांत खोलीत हेडफोन लावून साधारण 250 ते 8000 हर्ट्झचे सूर ऐकवतात आणि आपल्याला जेमतेम ऐकू येणारा आवाज नोंदवतात. मात्र, शांततेत हळू सूर ऐकणे आणि गोंगाटातून शब्द वेगळे काढणे ही दोन निराळी कामे आहेत.

आपल्या अंतर्कर्णातील केशपेशी आवाज टिपतात आणि श्रवणाच्या मज्जातंतूंमार्फत तो संदेश मेंदूकडे जातो. 2009 मध्ये अमेरिकेतील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. काही आठवड्यांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. पण कानाच्या काही भागांत केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील जवळपास निम्म्या जोडण्या कायमच्या तुटल्या होत्या. हळू सूर ऐकायला उरलेल्या जोडण्या पुरतात. म्हणून चाचणीत दोष दिसत नाही. याला ‘छुपी श्रवणहानी’ म्हणतात.

माणसांमध्येही वयानुसार हे मज्जातंतू कमी होतात, असे मृत्यूनंतर तपासलेल्या कानांमध्ये आढळले आहे. मात्र, जिवंत माणसात हे नुकसान नेमके दाखवणारी खात्रीची चाचणी अद्याप नाही. शिवाय 8000 हर्ट्झच्या वरचे ऐकणे कमी होणे, मेंदूला आवाजाचा अर्थ लावताना येणारी अडचण, अशी इतरही कारणे असू शकतात.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्रास कुठे आणि केव्हा होतो, हे ऑडिओलॉजिस्टना सांगा. गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी करता येईल का, हेही विचारा. बोलताना समोरासमोर बसा, टीव्ही बंद करा. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तुटलेल्या जोडण्या पुन्हा जोडणारे औषध अजून उपलब्ध नाही. त्यामुळे कान जपणे महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित आहे; आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्याने कमी होते. डीजेसमोर किंवा ढोल-ताशाच्या पथकात उभे राहायचे असेल, तर इअरप्लग वापरा आणि अधूनमधून कानांना विश्रांती द्या.