10 इंचाची तोफ काढून 8 इंचाची लावली, तरी जहाज कमजोर का झालं नाही?

आमच्या वारज्यातून एनडीए रोड जातो. माझा भाचा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. परवा त्याने विचारलं, "मामा, मुंबईच्या जुन्या जहाजांवर 10 इंची तोफा होत्या. 1892 मध्ये त्या काढून 8 इंची लावल्या. त्याच काळात अमेरिकन क्रूझरवरही 8 इंचीच होत्या. नवीन तोफ लहान कशी काय?"

प्रश्न मस्त आहे. चला, समजून घेऊया.

मुंबईची दोन जहाजं

'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही दोन चिलखती जहाजं इंग्लंडमध्ये बांधून 1870 मध्ये पाण्यात उतरवली गेली. काम एकच, मुंबई बंदराची राखण. नावं आली 1868 च्या ॲबिसिनिया मोहिमेवरून; त्या मोहिमेची फौज मुंबईहूनच निघाली होती. प्रत्येक जहाजावर दोन फिरते बुरूज आणि प्रत्येक बुरुजात 10 इंची दोन तोफा होत्या. या तोफा तोंडाकडून भरायच्या: आधी दारू, मग गोळा, दोन्ही पुढून आत ढकलायचं.

खरी ताकद वेगात

शाळेतलं सूत्र आठवा: ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट!

- जुनी 10 इंची: गोळा सुमारे 180 किलो, वेग सेकंदाला सुमारे 420 मीटर. ऊर्जा साधारण 1.6 कोटी ज्यूल.
- त्या पिढीची ब्रिटिश 8 इंची: गोळा सुमारे 95 किलो, वेग 600 मीटरच्या आसपास. ऊर्जा साधारण 1.7 कोटी ज्यूल.

म्हणजे गोळा जवळपास निम्मा, तरी ऊर्जा तेवढीच. शिवाय 10 इंची गोळ्याचं क्षेत्रफळ 8 इंचीच्या दीडपटीहून जास्त. तीच ऊर्जा लहान जागेवर आली की पोलादात भोक पाडणं सोपं.

मग आधीच का नाही केलं?

वेग वाढवायचा तर दारू सावकाश जळायला हवी आणि गोळ्याला ढकलत राहायला लांब नळी हवी. जुन्या 10 इंची तोफेची नळी व्यासाच्या जेमतेम 15 पट, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास. नवी नळी व्यासाच्या 25 ते 30 पट, अमेरिकन 'ऑलिंपिया' क्रूझरवर तर 35 पट, म्हणजे सात मीटरच्या वर! एवढी नळी बुरुजात ओढून पुढून भरणार कशी? त्यामुळे मागून भरणं भाग पडलं.

मागून भरायचं तर मागे दार हवं, आणि ते स्फोटातही गच्च बसायला हवं. यासाठी दोन युक्त्या वापरल्या.

पहिली: तुटक आटे. बाटलीचं झाकण चार-पाच वेढे फिरवावं लागतं. इथे दाराचे आणि नळीचे आटे मधे मधे कापून टाकलेले असतात. दार सरळ आत सरकवायचं, थोडंसं फिरवायचं, बसलं घट्ट. पिनवाला बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवतो ना, अगदी तसं.

दुसरी: गॅस्केट. आतून झाकण बसणारा कुकर आठवा. वाफेचा दाब वाढला की झाकण अजून घट्ट बसतं. फ्रेंच अधिकारी द बांज यांची रचना याच तत्त्वावर चालते: स्फोटाचा वायू दारामागची मऊ गादी दाबतो, गादी बाजूला फुगते आणि फट बंद होते. वायू स्वतःच स्वतःची वाट अडवतो!

पुढून भरण्याची किंमत

2 जानेवारी 1879 रोजी मार्मारा समुद्रात ब्रिटिश 'थंडरर' जहाजावरची 38 टनी तोफ फुटली. चौकशीत निघालं की आधीचा बार उडालाच नव्हता. दुसऱ्या तोफेच्या दणक्यात ते कोणाच्या लक्षातच आलं नाही आणि त्यावरच दुसरा बार भरला गेला. 11 जण गेले. मागून भरणाऱ्या तोफेत दार उघडलं की आत काय आहे ते समोर दिसतं. ही दुर्घटना ब्रिटिश नौदलाच्या मागून भरण्याकडे परतण्याचं एक मोठं कारण ठरली.

अमेरिकेचं काय?

अमेरिकेने 1883 मध्ये नव्या पोलादी जहाजांना मंजुरी दिली. 'अटलांटा', 'बोस्टन' आणि 'शिकागो' या क्रूझरवर थेट मागून भरायच्या 8 इंची तोफा बसवल्या. 'ऑलिंपिया'वर अशा चार होत्या. 1 मे 1898 ला मनिलाच्या उपसागरात तीच आघाडीला होती. स्पॅनिश ताफा बुडाला खरा, पण अमेरिकनांचे बहुतेक गोळे पाण्यातच पडले. ताकद आली होती, नेम यायचा होता. नेमबाजीची यंत्रणा हा पुढचा धडा, त्यावर पुन्हा कधीतरी.

आमच्या भाच्याला मी एवढंच सांगितलं: तोफेचा आकडा वाचलास की तीन गोष्टी विचार. नळी किती लांब, गोळ्याचा वेग किती आणि भरायची कुठून? इंच त्यानंतर.