सरकारी दवाखान्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार

पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे जनावरांवर उपचार करणारे शासनाचे किंवा जिल्हा परिषदेचे केंद्र. तिथे फक्त गाई-म्हशी आणि शेळ्याच तपासतात, असा समज गोंदिया जिल्ह्यात आढळतो. दारात बहुधा गुरेच उभी असल्याने तो स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांनाही तिथे सेवाशुल्कात (शासनाने ठरवलेली अल्प फी) तपासले जाते. माणसांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखेच हे: जखम, जंत, ताप जवळच, अवघड शस्त्रक्रियेसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांचा खर्च मात्र मालकाचाच. खिसा खरा रिकामा होतो तो पार्व्होमध्ये (पिल्लांना होणारी विषाणूजन्य रक्ताची हगवण), कारण कित्येक दिवस सलाइन द्यावे लागते. त्याची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू होते आणि ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते.